कापड कसलं घ्यायचं

जी गोष्ट आता सांगायला बसलोय ती माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. ती गेली आणि तिच्यापाशी बोलायचं राहून गेलं — राहून गेलं कसलं, मीच राहू दिलं. मुलांना मी माझ्या कंपाउंडरकीच्या गमती पुष्कळ सांगितल्या, नातवंडांना तर त्या तोंडपाठ आहेत. पण दर वेळी एका ठिकाणी आलो की मी गोष्ट हळूच दुसरीकडे वळवतो. आज वळवणार नाही. निदान तसं ठरवून बसलोय तरी.

आधी ते दिवस जरा सांगू द्या. चांगले होते हो ते दिवस — हेच तर अवघड आहे.

इंग्रजांचं राज्य होतं. आपला हा सगळा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. तळोद्यात एका शेटजींनी आईच्या आठवणीसाठी छोटा दवाखाना काढला होता. आज त्याची वीटसुद्धा शिल्लक नाही. पुढे ओटा, ओट्यावर पत्र्याची पडवी आणि पडवीसमोर मोहाचं झाड. फाल्गुनात सकाळी फुलं पडायची तेव्हा टिंक्चर आयोडिनचा आणि मोहाचा वास असा काही एक व्हायचा, की अजूनही कुठं आयोडिनची बाटली उघडली की मला मोह आठवतो. येडेपणाच म्हणा. पण आठवतो.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. तोंडानं फटकळ. माझं औषध जरा जास्त कडक झालं की म्हणायचे, अहो, माणसाला द्यायचंय, म्हशीला नाही. आणि दुपारी जेवताना स्वतःच्या डब्यातली लोणच्याची फोड न बोलता माझ्या भाकरीवर ठेवायचे. असा माणूस पुन्हा भेटला नाही. मी त्यांना देव मानायचो — आणि त्यांच्याशी पहिल्याच दिवशी खोटं बोललो होतो.

खोटं कसलं, तर भाषेचं. नोकरीला उभा राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, डोंगरातल्या लोकांची बोली येते का? मी छाती काढून सांगितलं, आईच्या दुधासारखी येते. आता माझी आई बोलायची अहिराणी! डोंगरची बोली मला येत होती ती बाजारापुरती. केवढ्याला, आण, ने, उद्या ये, दुखतं कुठं — संपलं. पण पुण्याकडच्या डॉक्टरांना ती बोली काय नि अहिराणी काय, काहीच कळत नव्हतं. मी दोन शब्द बोललो की समोरचा मान हलवायचा, आणि डॉक्टर माझ्याकडे कौतुकानं बघायचे. त्या बघण्याची सवय लागते बरं का. वाईट सवय.

डॉक्टरांच्या जिवाला एकच घोर होता. वर सातपुड्यात झाडं तोडताना कुऱ्हाड लागायची, कुणी कड्यावरून पडायचं, कुणाला अस्वल फाडायचं. माणसं जखमीला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला लटकवून खाली आणायची. अक्राणीकडून, मोलगीकडून, पायी. इथं पोचेपर्यंत माणसात काही उरलेलं नसायचं. डॉक्टर चिडायचे, हात आपटायचे. मग एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की वरच्याच माणसांना बोलवायचं आणि पहिला उपचार शिकवायचा. दोन सुईणी, जंगलतोडीवरचे मुकादम, नाक्यावरचा जंगल शिपाई, गावोगावचे चार कर्ते लोक. शेटजींनी जेवण घातलं. आणि शिकवायचं कुणी? डॉक्टरांनी मराठीत, मी त्यांच्या बोलीत.

काय दिवस होते ते! पडवीत सगळे मांडी घालून बसलेले. बांबूच्या कामट्या लावून मोडका हात बांधायचा, तर रोगी कोण? मी. डोक्याला पट्टी गुंडाळायची — पुन्हा मीच. एकदा सुईणींनी मला इतकं गुंडाळलं की फक्त नाक बाहेर राहिलं. डॉक्टर हसून हसून खुर्चीत वाकले. दुपारी मोहाखाली जेवण, तुरीची डाळ, ज्वारीची भाकरी, आणि वरची माणसं चारोळ्या आणायची त्या आम्ही फोडत बसायचो. मला वाटायचं, आपण मोठं काम करतोय. करतच होतो की! मी सोडून सगळे करत होते.

त्यांच्यात दित्या होता. वरच्या पाड्यावरचा शेतकरी, हिवाळ्यात धाकट्या भावाला घेऊन ठेकेदाराच्या जंगलतोडीवर जायचा. मराठी त्याला कळत नसे, पण जरा बाजारची अहिराणी बोलायचा, म्हणून माझ्याशी त्याची गट्टी. मोठा हसरा गडी. भावाचं नाव रुमाल्या. त्या रुमाल्याला मी आदल्या होळीला नाचताना बघितलं होतं — कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. बाकीचे दमून बसले तरी हा नाचतच होता. दित्या मला कोपर मारून सांगत होता, बघ, माझा भाऊ आहे.

आता त्या दुपारकडे यायला हवं. येतो. मुद्दाम चारोळ्या फोडत बसलो होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

वाहतं रक्त कसं थांबवायचं, हा त्या दिवसाचा धडा. डॉक्टरांनी माझं धोतर मांडीपर्यंत वर करायला लावलं. सुईणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि मी — तरणा होतो हो — लाजेनं लाल झालो. डॉक्टरांनी मांडीला फडकं बांधलं, त्यात काडी घातली आणि पीळ दिला. पाय बधिर झाला. मग ते सांगू लागले. आधी जखम नुसती दाबून धरा. नाहीच थांबलं, तरच असा बंध बांधा. आणि बांधलात की थोड्या थोड्या वेळानं ढिला करा, पायाला रक्त मिळू द्या. वाहणं थांबलं असेल तर पुन्हा आवळू नका. नाहीतर पाय मरतो.

दाबून धरा हे मला सांगता आलं. बांधा हेही आलं. पण ढिला करा? त्याला त्यांच्यात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. 'सोडा' हा शब्द येत होता, पण सोडा म्हटलं तर हे लोक सगळंच सोडतील आणि रक्त भळभळा वाहील, एवढं कळत होतं. हातानं करून दाखवता आलं असतं. काडी माझ्याच मांडीवर होती! अर्धा पीळ उलटा फिरवला असता तरी झालं असतं. पण मग डॉक्टर म्हणाले असते, अहो, बोलत का नाही? म्हणून मी तेवढं वाक्य गिळलं आणि पुढे गेलो.

तरी तिथंच निभावलं असतं. कारण दित्यानं विचारलं. त्या सगळ्यांत एकट्या त्यालाच विचारावंसं वाटलं. माझ्या मांडीकडे बोट करून, मला नीट कळावं म्हणून अहिराणीत —

"हाई कव्हय सोडानं?"

हे कधी सोडायचं. बघा, प्रश्न दारात येऊन उभा होता. मी त्याला म्हणालो, खाली दवाखान्यात आल्यावर. डॉक्टर सोडतील. तोवर हात लावायचा नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतोय तो? शंका विचारली की त्यांना फार आनंद व्हायचा. आणि मी म्हणालो, "विचारतोय, कापड कसलं घ्यायचं."

का? अजून विचारतो मी स्वतःला. काय अडलं होतं? डॉक्टर खूश झाले. म्हणाले, फार चांगला प्रश्न, कुठलंही स्वच्छ कापड चालेल, काही नसेल तर डोक्याचा फेटा फाडा. ते मी अगदी बिनचूक सांगितलं. दित्यानं आपल्या फेट्याला हात लावला आणि मान हलवली.

माघात ते रुमाल्याला घेऊन आले. सागाच्या गाठीवरून कुऱ्हाड निसटली आणि पोटरीत बसली होती. झोळी खाली ठेवली, घोंगडी बाजूला केली, आणि मी बघितलं. मांडीवर दित्याच्या फेट्याची पट्टी. काडी घालून पीळ दिलेला, दुसऱ्या दोरीनं काडी पक्की केलेली. माझ्या मांडीवर होता तसाच, तंतोतंत. रात्र वाटेत काढली होती त्यांनी. रुमाल्या विव्हळायला लागला की दित्या त्याचे हात धरून ठेवायचा, बंधाला हात लावू द्यायचा नाही. हे दित्यानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. रक्त कधीच थांबलं होतं. पाय काळानिळा पडलेला, गार.

डॉक्टरांनी जखम पाहिली. खोल नव्हती. मोठी शीर वाचलेली होती. नुसती दाबून धरली असती तरी भागलं असतं, बंध मध्ये एकदा जरी ढिला केला असता तर पाय राहिला असता — हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग पाय कापला. क्लोरोफॉर्म मी धरला. रुमाल्या झोपेपर्यंत माझ्याच तोंडाकडे बघत होता, ओळखीचा माणूस म्हणून.

संध्याकाळी डॉक्टर ओट्यावर आले. दित्याला रागावले नाहीत, थकून गेले होते. मला म्हणाले, त्याला विचारा, ढिला करायचा म्हणून सांगितलं होतं ना आपण? विसरला का? हे मी विचारायचं होतं — मी! आणि मी विचारलं. खालच्या मानेनं, अहिराणीत. म्हणालो, डॉक्टर म्हणतात, मध्ये मध्ये ढिला करायला सांगितलं होतं, तू विसरलास का?

दित्यानं माझ्याकडे बघितलं. आता हा बोलणार, तूच सांगितलं होतंस म्हणणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्यानं बोलावं असंही वाटत होतं. त्यानं बराच विचार केला. मग डोक्याला हात लावला, तिथं फेटा नव्हता. म्हणाला,

"मी इचारेल व्हतं, इतलं याद शे. तू काय सांगं ते याद नही. मी इसरी गऊ."

विचारलं होतं एवढं आठवतं, तू काय सांगितलंस ते नाही, विसरलो म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणतात म्हणजे सांगितलंच असणार — एवढा त्याचा आमच्यावर विश्वास. आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून काय म्हणालो माहीत आहे? व्हई जास असं. होतं असं.

घरी जेवायला बसलो तर घास उतरेना. बायको म्हणाली, "काय व्हयनं तुमले? जेवतस का नही?" मी म्हटलं, आज पाय कापला एकाचा. तिला वाटलं, हळव्या मनाचा नवरा आहे. तिनं ताटावर दही वाढलं.

त्या होळीला रुमाल्या पोरांच्या घोळक्यामागे बसून ढोल वाजवत होता. मी लांबूनच परत फिरलो. दित्या मात्र पहिल्यासारखाच यायचा, चारोळ्या आणायचा, भावाचा जीव वाचवला म्हणून डॉक्टरांच्या पाया पडायचा, माझाही हात धरायचा. मी त्याच्याकडून त्याची बोली शिकलो, नीट शिकलो. ढिला करणं याला त्यांच्यात काय म्हणतात, तो शब्दही मला दित्यानंच सांगितला. कशाला हवाय, हे त्यानं विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वर्ग भरला. हल्लीचे डॉक्टर त्या बंधाबद्दल वेगळंच काही सांगतात म्हणे. सांगोत, मी त्याच्यामागे लपणार नाही. त्या धड्याच्या दिवशी दित्या आपण होऊन उठला आणि डॉक्टरांच्या परवानगीनं पडवीत उभा राहिला. रुमाल्या मोहाच्या बुंध्याला कुबडी टेकवून बसला होता. दित्यानं सगळ्यांना आपल्या बोलीत सांगितलं, कुऱ्हाड कशी बसली, फेटा कसा फाडला, काडी कशी पिळली. आणि मग सांगितलं की, मला शिकवलं होतं, बंध ढिला करायचा असतो. मी विसरलो, म्हणून माझ्या भावाला पाय नाही. तुम्ही विसरू नका. पुढं कितीतरी हिवाळे तो दर वर्षी येऊन हे सांगायचा. सुईणी डोळे पुसायच्या. आणि वर्गात मराठी बोलणारे जे असत त्यांच्यासाठी, आणि डॉक्टरांसाठी, मी शेजारी उभा राहून त्याचं बोलणं मराठीत सांगायचो. तोवर भाषा चांगली येत होती मला. मी विसरलो, असं तो म्हणतो — हे मी दर वर्षी स्पष्ट आवाजात सांगितलं, एकही शब्द न गाळता.