आंघोळीचा फोटो

कंपनीत तिला सगळे ठसका म्हणत. ती बोलली की ऐकणाऱ्याला ठसका लागायचा, म्हणून. कंपनी घरोघरी आजारी माणसांची देखभाल करायला बायका पाठवायची आणि ठसका त्यांतली सर्वांत जुनी. कुठं ती सासूसुनेच्या भांडणात सापडली, कुठं ‘चहा तुमचा तुम्ही आणत जा’ हेही तिनं ऐकून घेतलं. एखाद्या म्हाताऱ्यात जीव गुंतला, की कंपनी तिला नेमकी दुसरीकडं धाडायची. तरी ती टिकली. पडून राहिलेलं माणूस आपल्या खांद्याला धरून खिडकीपर्यंत चालत गेलं, की तिचा सगळा राग निवायचा.

सध्या तिच्याकडं टेलरबाई होत्या. जन्मभर शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवलेल्या. आता उजवं अंग लुळं, जीभ जड. एकेक शब्द जुळवून बोलत, पण तोरा कायम. ठसकानं गाऊनचं बटण चुकीच्या काजात घातलं, की डाव्या हातानं फटका द्यायच्या. आंघोळीच्या वेळी तर दार लावून अंगावर पंचा टाकल्याशिवाय कपडे काढू द्यायच्या नाहीत. ठसका पंच्याखालून हात घालून अंग चोळायची.

“दुसऱ्यांची मापं घेतलीत जन्मभर, स्वतःचं काही घेऊ देत नाही!” ती म्हणायची, आणि टेलरबाई वाकड्या तोंडानं हसायच्या.

अशात कंपनीनं नवा नियम काढला. प्रत्येक कामाचा फोटो अॅपवर टाकायचा, नाहीतर हजेरी लागणार नाही. औषधाचा, जेवणाचा आणि आंघोळीचाही. आंघोळीच्या फोटोत पेशंट दिसलाच पाहिजे.

ठसकानं पहिल्या दिवशी ओल्या पंच्याचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी पालथ्या बादलीचा. लगेच सुपरवायझरचा फोन.

“ताई, ही काय थट्टा लावलीय? आंघोळ बादलीची झाली का?”

“तिचीही झाली. कशी लख्ख घासलीय, बघा ना.”

“फोटोत पेशंट पाहिजे. त्यांच्या लेकीनंच मागितलाय. आधीची बाई आंघोळ न घालताच ‘झाली’ म्हणून सांगायची.”

“ती खोटी निघाली, म्हणून टेलरबाईंनी उघडं व्हायचं?”

“मी उद्या येतो. फोटो काढायचा, नाहीतर घर सोडायचं.”

ठसकानं फोन ठेवला खरा, पण घर सोडायचं तरी कसं? टेलरबाई आत्ता कुठं भिंत धरून उभ्या राहायला लागल्या होत्या. आणि नवी बाई आली तर ती नोकरीच्या धाकानं गुपचूप फोटो काढून मोकळी होणार.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर नेमका आंघोळीच्या वेळी आला. बाथरूमच्या दारावर टकटक झाली.

“ताई, फोटो.”

“मी काढणार नाही,” ठसका आतून म्हणाली. “तुम्हाला हवा तर त्यांना विचारा. ऐकताहेत त्या.”

बाहेर घसा खाकरल्याचा आवाज. “आजी, एकच फोटो. कंपनीसाठी.”

टेलरबाईंनी शब्द जुळवले. “आधी... तुझा... काढ.”

“माझा?”

“न्हाताना.”

ठसकाला हसू आवरेना. टेलरबाईंचं अंग पुसून, गाऊन चढवून ती त्यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर घेऊन आली, तेव्हा सुपरवायझर भिंतीकडं बघत उभा होता. कान लाल झालेले. त्यानं टेलरबाईंच्या लेकीलाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मॅडम, बाई ऐकत नाहीत.”

“ताई, मी एवढी लांब,” लेक म्हणाली. “आईचं नीट होतंय की नाही, मला कळणार कसं? भीती वाटते हो.”

“वाटणारच. पण तुमच्या भीतीपायी आईला उघडं करू नका. त्यांनाच विचारा. येतं आता बोलायला.”

ठसकानं सुपरवायझरच्या हातातला फोन घेतला आणि टेलरबाईंच्या तोंडाजवळ धरला.

“झाली,” टेलरबाई म्हणाल्या. “रोज... होते. फोटो... नको. लाज... वाटते.”

मग लेक म्हणाली, “राहू दे फोटो. मी आईलाच विचारत जाईन.”

“पण मॅडम, फोटोशिवाय अॅप हजेरी लावत नाही,” सुपरवायझर काकुळतीला आला.

“नका लावू,” ठसका म्हणाली. “गैरहजर लिहा. मी घर सोडत नाही.”

अॅप काही बधलं नाही. त्यामुळं तिची हजेरी हातानं लावायचं काम सुपरवायझरच्याच गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो.

“ताई, आज आला होतात ना?”

“छे! मी तर गैरहजर.”

“नका छळू हो. मला अजून बाकीची घरं बघायचीत.”

“त्या घरांतले आंघोळीचे फोटो बंद केलेत का?”

“ते वरचे ठरवणार.”

“मग आधी वरच्यांना फोन लावा,” ठसका म्हणते. “तोवर मी गैरहजरच.”