शिशाचा खोकला

अमरावतीच्या राजापेठेतलं भरलं घर सोडून मी अकोल्याच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला आलो. तिथे मला आधी खोली मिळाली आणि मग खोकला. जुन्या शहरातली ती खोली म्हणजे खरं तर अर्धी खोली. मधे बांबूचा तट्टा, आणि पलीकडे रेल्वेचे एक निवृत्त फाटकवाले, माझ्यासारखेच एकटे. त्यांचं तोंड मला फारसं दिसत नसे. सकाळी मी चूळ भरायला बसलो की खोकल्याची उबळ यायची, आणि तट्ट्यापलीकडून विचारणा व्हायची.

"हायेस काय रे बाप्पा, का गेला?"

"हाव काका, हाय अजून."

संपलं. खिळ्यांचं आणि मजकुराचं सोडून दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं असेल तर ते एवढंच.

खोकला मात्र मी स्वतःच्या हुशारीनं कमावला होता. खिळ्यांच्या पेटीतल्या खणांत शिशाची करडी धूळ साचते. बाकीची मंडळी पेटी अंगणात नेत, तोंडाला फडकं बांधत आणि भात्यानं धूळ उडवीत. मला वाटलं, एवढ्याशा कामाला भाता कशाला? मी जागेवरच वाकून तोंडानं फुंकायचो. जोरात फुंकायचं तर आधी जोरात श्वास आत ओढावा लागतो, हे मॅट्रिक पास झालेल्या माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्यावर इलाज होता गूळ. संध्याकाळी मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवीत. गुळानं छाती धुऊन निघते, ही त्या छापखान्याची श्रद्धा. माझी श्रद्धा जरा जास्तच. मी दुसरा खडा मागून घ्यायचो, काळ्या बोटांसकट चाटायचो आणि वर विडी ओढायचो.

मग पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी माझा ओठ उचलून हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली.

"छापखान्यात आहात ना? गूळ खाता?"

"रोज," मी अभिमानानं म्हणालो.

"हात धुऊन?"

मी छताकडे पाहिलं.

"अहो, गूळ पोटात जातो, छातीत नाही. तुम्ही गुळाला लावून शिसं खाताय." मग त्यांनी मला छातीतली झाडलोट समजावली. श्वासनळीत अगदी बारीक केस असतात. ते जाडसर धूळ कफात घोळून हळूहळू वर ढकलतात. विडीच्या धुरानं ते लुळे पडतात. "कफ वर आला की काय करता?"

"गिळतो. चारचौघांत थुंकायचं कसं?"

"वा! केसांनी कष्टानं वर आणायचं आणि तुम्ही खाली सोडायचं. पोटातून ते रक्तात जातं. थुंकत जा." अगदी बारीक धूळ मात्र जिथे हे केस नाहीत तितकी खोल जाते, असं ते म्हणाले. तिथल्या पेशी तिला गिळतात. पण शिसं त्यांनाही पचत नाही. ते विरघळून रक्तात उतरतं आणि हाडांत मुक्काम ठोकतं. "ते निघायला वर्षं लागतात. नवीन आत जाऊ देऊ नका, एवढंच तुमच्या हाती."

मालकांनी मला मुद्रितं तपासायला ओसरीवर बसवलं. विडी सोडली, हात घासघासून धुऊ लागलो, थुंकू लागलो. कळा थांबल्या. काही महिन्यांनी एका सकाळी चूळ भरली तर उबळच नाही! कोणाला तरी सांगावं म्हणून आनंदानं वळलो, तर समोर तट्टा. पलीकडेही शांतता. ते माझ्या खोकल्याची वाट पाहत असावेत आणि मी त्यांच्या हाकेची.

शेवटी मी खोकलो. मुद्दाम.

"हायेस काय रे बाप्पा?" लगेच आवाज आला.

मग रोजच खोकू लागलो. बऱ्या झालेल्या छातीतून आजारी खोकला काढणं सोपं नसतं, पण मी मन लावून काढत होतो. एक दिवस पलीकडून नेहमीचा प्रश्न आला नाही.

"लेका, हा खोकला खोटा हाय. पयल्यासारखा तळातून येऊन नाई राहिला."

मी ओशाळलो. "डॉक्टर म्हणतात, छाती बरीच साफ झाली, काका."

"मंग कावून खोकून राहिला?"

तुम्ही हाक मारता म्हणून, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी घशापर्यंत वर आले. आणि डॉक्टरांनी इतकं बजावूनही मी ते गिळून टाकले.