एक मिक्सर, तीन काटे

दुकानांचे वजनकाटे तपासण्यात काकांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी अभिप्राय लिहिण्याचे पैसे देणाऱ्या तीन वेबसाइट तपासायला घेतल्या. एकच वजन तिन्ही काट्यांवर ठेवावं, तसा घरातला मिक्सर त्यांनी तिन्हीकडे चढवला. पहिली साइट कौतुकाला पैसे देई. तिथे मिक्सरला तोड नव्हती. दुसरी शब्द मोजे. तिथे नुसत्या वायरीवर दोन पानं झाली. तिसरी वाचक मोजे, आणि वाचक भांडणाला जमतात, म्हणून तिथे त्यांनी मिक्सरची बिनपाण्याने केली.

महिन्याभराने मिक्सर खरंच जळाला.

"नवीन कुठला घेऊ? लोकांनी काय लिहिलंय ते बघून सांगा," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून ठेवला.

"शेजारच्या वहिनींना विचार. त्यांना कोणी पैसे देत नाही."