माहेर कुठलं?

माझ्या बायकोच्या मामांइतकी विचित्र भरती भोर-वेल्ह्यात दुसऱ्या कुणी केली नसेल. करोनाच्या लसीकरणात डोंगरातल्या वस्त्यांवर पथकाबरोबर जायला मदतनीस हवे होते. पथकाच्या डॉक्टरीणबाईंनी ते काम एसटीतून निवृत्त झालेल्या मामांवर सोपवलं. शिक्षण किती, मोबाईल आहे का, एवढं विचारायचं होतं. मामा बायकांना एकच विचारत, "माहेर कुठलं?" त्यांचं म्हणणं, आरोग्य खात्याला वस्ती दार लावून घेते, लेकीला लावत नाही. म्हणून जिथे जायचं, तिथली लेक पथकात हवी. एका पदवीधर मुलीचं सासर-माहेर भोरात एकाच गल्लीत निघालं. "हिचा डोंगराला काय उपेग?" म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. वेल्ह्याच्या बाजारात तर ते अनोळखी बायकांना थांबवून माहेर विचारीत. एकीचा नवरा त्यांना पोलिसांकडे न्यायला निघाला, तेव्हा पथकाच्या नोंदी ठेवणारा मी मध्ये पडलो.

हिर्डोशीच्या वरच्या धनगरवस्तीसाठी त्यांना आंबवड्यात दिलेली एक लेक सापडली. वस्तीचं नाव तिने दोनदा विचारून घेतलं, मग "येते" म्हणाली. मामांनी पुढे काही विचारलं नाही, तिथेच चुकलं. भावाशी तिचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, हे आम्हाला चढ चढून गेल्यावर कळलं. भाऊ दारात बसून होता. भुंकणारं कुत्रं त्याने बांधलं नाही. आत म्हातारी आई खोकत होती. वस्ती त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तो नाही म्हणाला असता, तर म्हातारीसकट सगळेच लसीवाचून राहिले असते.

"माहेरपणाला न्हाई आले," ती अंगणाबाहेरूनच म्हणाली. "कामाला आलेय. आयला टोचू दे, की जाते."

भावाने मामांना विचारलं, "डोस दोन असत्यात म्हनं?"

"व्हय."

"दुसऱ्याला कोन येनार?"

मामांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. "हीच," म्हणाले.

त्याने उठून कुत्रं बांधलं आणि बाही वर केली. "आदी मला टोचा. मग आयला."

मामांची एकुलती बहीण, म्हणजे माझी सासू, कधीच वारलेली. भाऊबीजेला ते दिवसभर एसटीची जुनी वेळापत्रकं चाळत बसायचे. त्या दिवाळीत मात्र आंबवड्याहून निरोप आला, ओवाळून घ्यायला या. सोबत मीही गेलो. लसीकरणाच्या मानधनाचं पाकीट त्यांनी न फोडताच तिच्या ताटात ठेवलं. त्यात किती होतं, हे मला आजही ठाऊक नाही.