पामेरियनचा भाव

कंपनी बंद पडली आणि मी नेरूळला लोकांची कुत्री शिकवायला लागलो. बायकोचं म्हणणं सरळ होतं: दिवाळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा आणि सांगलीला तिच्या भावाच्या दुकानात बसायचं. मेव्हण्याच्या गल्ल्यावर बसायच्या नुसत्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

पण भाव काय लावायचा? विचारणार कुणाला? आमच्या भागात तेव्हा हा धंदा करणारं दुसरं कुणी नव्हतंच. मी आपला आकारावर दर ठरवला. अल्सेशियनला पूर्ण, पामेरियनला निम्मा. झालं! फ्लॅटमध्ये पामेरियनशिवाय पाळतंय कोण? सारसोळ्याच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात रोज संध्याकाळी नुसती कापसाची गाठोडी जमायची. आणि हट्टी तर अशी, की अल्सेशियन परवडला. बायको म्हणाली, उद्यापासून वजनकाटाच घेऊन जा.

खरी गोम वेगळीच होती. कुत्रं माझ्यापुढे शहाण्यासारखं बसायचं आणि घरी गेलं की सोफ्यावर चढायचं. बँकेतल्या एका साहेबांनी तर सोसायटीभर सांगितलं, हा माणूस फुकटचे पैसे घेतो. माझं टाळकंच सटकलं. दिवाळी तोंडावर आलेली. मी आकाराचा दर मोडीत काढला. घरची माणसं मैदानात आली तर निम्मे पैसे, नुसतं कुत्रं पाठवलं तर पूर्ण.

लोक हसले, पण यायला लागले. साहेबही आले, मुलंबाळं आणि म्हातारी आई घेऊन. पट्टा आजींच्या हातात, आणि कुत्रं त्यांचंच ऐकायचं! एकाच जिन्यातली माणसं तिथं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. थर्मासमधून चहा यायचा. काय संध्याकाळी होत्या त्या! आता तिथं टॉवर उभा आहे, आणि तिकडून जाताना मला अजून भरून येतं.

एका दुपारी फोन वाजला, बायकोनं घेतला. वाशीचे कुणी बंगलेवाले होते, आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. वेळ नाही, कुत्रं ड्रायव्हरबरोबर पाठवतो, पूर्ण काय, दुप्पट देतो म्हणाले. मी हातवारे करून 'हो म्हण, हो म्हण' सांगत होतो.

ती म्हणाली, "पैशांचं नाही हो. घरचं कुणी येणार नसेल तर कुत्रं शिकत नाही. आमच्याकडे नाही जमणार."

रिसीव्हर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग गेलो, म्हटलं, अगं, दुप्पट देत होता तो. ती भाकरी थापत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

"दादाला कळवते, दिवाळीला नुसतं फराळाला येतोय म्हणून."