मुलाखतीसाठी दिलेले आजोबा

बारामतीत मुलाखत शिकवणारा एक क्लास आहे. फिजिओथेरपीच्या खासगी कॉलेजात शेवटी ज्या जागा उरतात, त्यांच्यासाठी मुलाखत होते. तिची तयारी तिथे तीन दिवसांत करून मिळते. मीही गेले होते, आणि हे लिहिताना लाज वाटते. एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या तेव्हा डेपोसमोर उभं राहून पत्रकं वाटणारी मी, नमस्कार करताना मान किती झुकवायची हे वहीत उतरवून घेत होते.

पण दुसरा इलाज नव्हता. नीटचे गुण काठावरचे. एक वर्ष आधीच वाया गेलेलं. ही जागा हुकली तर इंदापूरला बी.ए.ला नाव घालायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

क्लासच्या सरांचं ज्ञान अफाट. "पाणी पुढं केलं तर अर्धाच ग्लास प्यायचा. पूर्ण प्यालात तर घाबरलात, नाही प्यालात तर उर्मट." वर्गात तीस जण, आणि तीसही जण हे लिहून घेत होते. 'फिजिओथेरपीच का?' या प्रश्नाचं उत्तर तर छापूनच हातात मिळालं. आजोबांना अर्धांगवायू झाला, एका फिजिओथेरपिस्टने त्यांना पुन्हा चालतं केलं, ते पाहून मी ठरवलं. 'आजोबा' म्हटल्यावर एक क्षण थांबायचं आणि खाली बघायचं.

वडगाव निंबाळकरचा एक मुलगा उठला. "सर, माझं आजोबा अजून उसाला पाणी देत्यात."

"मुलाखतीच्या दिवशी देत नाहीत. बस खाली."

मी सरांना म्हटलं, माझ्याकडे माझं स्वतःचं कारण आहे. मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने कमरेत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. शाळेत होते तोवर आमच्या अंथुर्णे गावाची निम्मी कंबर माझ्या पायाखालून गेली. सर हसले. "हे तिथं बोललीस तर उभ्या उभ्या हाकलतील. गुमान आजोबा पाठ कर."

घरी तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, बरोबर उलटं. "पयलं तेच सांग, मी पायाळू हाय म्हणून. बाकीच्यास्नी साडेचार वरसं लागत्यात, तू जन्मताच पास हाईस!" हे ते गंमत म्हणून बोलत नव्हते. सर्टिफिकेटांच्या फायलीत सरपंचाकडून तसा दाखलाही घालावा, असा त्यांचा आग्रह होता. सर खोटं शिकवत होते, तात्या खुळ्यासारखं बोलत होते, आणि दोघांचीही खात्री होती की माझं भलं त्यांच्याच हातात आहे.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे होते. मधल्या मॅडमनी विचारलं, "फिजिओथेरपीच का?" आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांना भित्रे म्हणत आलेली मी, बोलून गेले, "माझ्या आजोबांना..." थांबले. खालीही बघितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बारामतीहून का? आज सकाळपासूनचे हे चौथे आजोबा." बाकीचे दोघे हसले. "खरं काही असेल तर सांगा. नाहीतर पुढचा उमेदवार बोलवू."

मग सांगितलं. पायाळू, लाथा, सगळं. आणि गावातल्या एका दूधवाल्याचंही. मोटारसायकलला किटल्या लावून तो डेअरीला दूध घालायचा. कंबर धरली की आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि मी तीन लाथा मारायचे. दोन वर्षं तो येत होता. पायाला मुंग्या येतात म्हणायचा, मी आणखी जोरात मारायचे, आणि घरातले कौतुकाने बघायचे. त्याच्या मणक्यातली गादी सरकलेली होती. दवाखान्यात गेला तोवर उशीर झाला होता. आज त्याचं उजवं पाऊल उचलत नाही. चप्पल घासत चालतो, आणि मी दिसले की अजून हसून हाक मारतो.

"तुमच्या लाथेनं झालं?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही. पण माझ्यामुळं तो दोन वर्षं डॉक्टरकडं गेला नाही, एवढं माहीत आहे."

"आज आला तर?"

"हात लावायच्या आधी विचारीन, मुंग्या कुठपर्यंत येतात. टाचांवर चालून दाखवायला लावीन. जमलं नाही तर स्वतः डॉक्टरकडं घेऊन जाईन."

कुणी शाबासकी दिली नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाल्या. चार दिवसांनी यादी लागली. शेवटून दुसरं नाव माझं होतं.

तात्यांनी गावभर सांगितलं की पायाळूपण कामाला आलं. ते अपेक्षितच होतं. क्लासच्या सरांचा फोन मात्र अपेक्षित नव्हता. मी मुलाखतीत काय बोलले, ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"अगं, तो लाथेचा किस्सा लिहून पाठव की. पुढच्या बॅचला देतो. आजोबा आता जुने झाले."

"पाठवते," मी म्हटलं, "पण तो माणूस आजही पाय ओढत चालतो, हेही पाठ करून घ्याल?"

सर क्षणभर थांबले. बहुधा खालीही बघितलं असावं.

"तेवढा शेवट आपण गोड करू."

मी फोन बंद केला.