पावलं थांबली तेव्हा

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाची एक अडचण बघणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. चित्र असतं पुढे आणि दुरुस्ती असते मागे. मागच्या स्क्रूला अर्धा वळसा दिल्यावर पुढच्या माणसाचं डोकं लांबलं की आखूड झालं, हे बघायला दर वेळी उठून पुढे यायचं म्हटलं तर एकाच घरात दिवस मावळेल. म्हणून मामा पिशवीत आरसा बाळगत. टीव्हीसमोर खुर्ची ओढायची, तिच्यावर आरसा टेकवायचा आणि आपण मागे उकिडवं बसून वरून डोकावायचं. त्यावरून सगळी वस्ती त्यांना आरसेमामा म्हणू लागली आणि त्यांच्या बायकोला, तिनं जन्मात एक स्क्रू फिरवला नसताना, आरसेमामी.

तर मामांनी उमेदीच्या वर्षांत जेवढ्या मालिका नि सिनेमे बघितले, ते आरशात, आणि तेही अर्धेमुर्धे. चित्र नीट झालं की घरातले सरसावून बसत आणि मामा पिशवी उचलत. "नायक जगला की मेला ते मला विचारू नका," ते सांगत. "मी होतो तोवर जिवंत होता. तोंडावर हिरवट झाक होती, तेवढी काढून आलो."

आता दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. नवा टीव्ही पाटीसारखा सपाट, भिंतीला चिकटलेला. मागे जायची सोयच नाही. संध्याकाळी चौघं त्याच्यासमोर बसतात. मुलगा दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे घरात मामा, मामी, सून आणि नात. मालिका संपली की खरी मालिका सुरू होते. सून दहापैकी गुण देते, आणि शाळेत शिकवत असल्यानं हात आखडता असतो. नातीला सगळंच लांबण लावलेलं वाटतं. मामा अजून रंगांवर बोलतात: "रडून आलेल्या बाईचं नाक एवढं गोरं कसं?" आणि मामी डोळे मिटून बघतात. म्हणजे बसतात टीव्हीसमोर, पण मोक्याच्या जागी डोळे मिटतात नि मग निकाल देतात. "ही सासू खोटं रडतेय. आवाज कोरडा ठणठणीत आहे."

"आई, डोळे तर उघडा," सून म्हणते.

"डोळ्यांना फसवता येतं गं. कानाला नाही."

ही खोड मामींना कशी लागली, ते नातीला माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं.

तीस वर्षांपूर्वी घरच्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली. आवाज खणखणीत, चित्र नाही. गिऱ्हाइकांचे टीव्ही आधी, घरचा नंतर, असं करता करता "या रविवारी बसवतो" हे आठ महिने चाललं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यातच दर आठवड्याला एक मालिका सुरू झाली. दोन बहिणींची होती. थोरली भाड्यानं खोल्या देऊन घर चालवते, धाकटी भांडून निघून जाते, असं काहीसं. सारी वस्ती तिच्यापायी वेडी झाली. मामी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे कागद, दुमडायच्या. तिथे दुपारच्या सुट्टीत दुसरा विषय नसे.

शेजारी जाऊन बघायला काय हरकत होती? मामांनी तसं सुचवलंही होतं.

"शोभतं का?" मामी म्हणाल्या होत्या. "मेकॅनिकची बायको दुसऱ्याच्या दारात टीव्ही बघायला! उद्यापासून तुमच्याकडे कुणी रेडिओसुद्धा आणणार नाही."

म्हणून मामी दार लावून काळ्या पडद्यासमोर बसत आणि मालिका ऐकत. मामा त्याच वेळी कुणाच्या ना कुणाच्या घरी, कारण बिघाड चार दिवस जुना असला तरी लोकांना जाग मालिकेच्या दिवशीच येई. मग जेवताना जोडाजोडी व्हायची. मामींकडे आवाज, मामांकडे चित्र.

"ती 'ये' म्हणाली तेव्हा दारात कोण होतं?"

"कुणी नाही. मांजर."

"मांजर! आणि मी इथे डोळे पुसतेय."

"मांजरही रोडावलेलं होतं."

जे आरशात दिसलं नसेल, त्याबद्दल मामा सरळ सांगत, "तेवढं नाही दिसलं." मामी ती जागा मोकळी ठेवत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या खिडकीच्या पडद्याच्या रंगापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळं बिनचूक बोलत, आणि आरसेमामींच्या घरी चित्र नाही याचा कुणाला सुगावा लागला नाही.

शेवटचा भाग होता त्या संध्याकाळी मामा डॉक्टरांच्या घरी अडकले. टीव्हीवर मधोमध एक आडवी पांढरी रेघ, बाकी काळोख. सगळं घर मागे उभं आणि डॉक्टरांच्या आई दर मिनिटाला विचारत, "आलं का हो?" रेघ काही उघडेना. भाग संपला तेव्हा डॉक्टरांच्या आई नुसत्या आत निघून गेल्या. मामांना ते जास्त लागलं.

घरी आले तर मामी दारातच उभ्या होत्या.

"शेवटी ती निघाली ना घर सोडून? धाकटी वर जिन्यात उभी होती?"

मामांनी पायताण काढलं.

"जिना उतरली. मग वाळूवर चालली. मग पावलं थांबली. थांबली ना? एवढा वेळ." मामींनी एक मोठा श्वास घेऊन दाखवला. "मग फाटक वाजलं. ती वळली ना हो? वळून बघितलं ना धाकटीकडे?"

मामींना एक धाकटी बहीण होती. आईच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती जागरणं केली, यावरून दोघींचं फाटलं होतं, आणि दोन वर्षं तिचं नाव या घरात निघालं नव्हतं. मामा कुणाबद्दल विचारलं जातंय ते समजले. "तेवढं नाही दिसलं" हे शब्द जिभेवर आले होते.

"वळली," मामा म्हणाले.

"किती वेळ?"

"बराच."

"रडत होती?"

"नाही. हसली. थोडंसं."

मामी आत गेल्या आणि ताटं मांडताना त्यांनी पाणी सांडलं. त्या आठवड्यात बहिणीला पत्र गेलं. पुढच्या महिन्यात बहीण स्वतः आली, दोघी आधी भांडल्या, मग रडल्या, मग मामांच्या घोरण्यावर एकमत करून हसल्या. तेव्हापासून आजपर्यंत दर रविवारी त्यांचं बोलणं चुकलेलं नाही.

मामांची खरी फजिती मात्र पत्राआधीच झाली. कारखान्यात मामींनी सांगितलं, थोरली वळली आणि हसली. तिथली पुस्तकं शिवणारी शिलाईवाली म्हणाली, कुठे वळली? मामी ठासून म्हणाल्या, "माझ्या घरात मेकॅनिक आहे. तुझ्या टीव्हीत नीट दिसत नसेल." आणि संध्याकाळी शिलाईवालीचा नवरा दुकानात हजर. "मामा, आमच्याकडे ती वळलीच नाही. बघता का जरा?" मामा गेले. धडधाकट टीव्हीचं झाकण काढलं, धूळ पुसली, झाकण लावलं. "आता दिसेल," म्हणाले, आणि फुकट काम करून मान खाली घालून परतले.

त्यानंतर ट्यूब बसली. ती मालिका पुन्हा लागली नाही, आणि तीस वर्षांत त्या खोट्यावर संसाराची इतकी पुटं चढली, की मामांनाही ते खरंच वाटू लागलं होतं.

आणि मागच्या महिन्यात सून शाळेतून येऊन म्हणाली, "आई, तुमची ती दोन बहिणींची मालिका आलीये टीव्हीवर. सगळे सव्वीस भाग. कधीही लावा."

मामींचा चेहरा मुलीसारखा झाला. "म्हणजे चित्रासकट?"

"चित्राशिवाय कोण दाखवतं, आजी?" नात म्हणाली.

रोज दोन भाग ठरले. मामी डोळे न मिटता बघत होत्या, चष्मा दोनदा पुसून. "हा निळा पडदा! सांगितला होतात की नाही? आणि कठडा, तुटलेल्या दांड्याचा. तस्साच!" रोडावलेलं मांजर आलं तेव्हा तर त्यांनी नातीचा हात धरला. फक्त थोरलीच्या गालावरचा तीळ डावीकडे निघाला. "तुम्ही उजवीकडे सांगितला होतात."

"आरशात उजवीकडेच होता."

"तीस वर्षं चुकीच्या गालावर तीळ घेऊन बसले होते मी," मामी म्हणाल्या आणि हसू लागल्या. सुनेनं मालिकेला साडेआठ गुण दिले, म्हणजे डोक्यावरून पाणीच.

मामा मात्र एकेक जुळणी ऐकून आक्रसत होते. पंचवीस भागांचं खरं निघणं म्हणजे सव्विसाव्याचा फास आवळणं. इतकी वर्षं ही बाई आपल्या डोळ्यांवर विसंबली. एक गोष्ट बनावट निघाली की बाकीच्यांवर तरी का विसंबेल? तेराव्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ते टीव्हीपाशी गेले. भिंतीच्या फटीत दोन बोटं घातली. तीनच वायरी होत्या. एक सैल केली असती तर संध्याकाळ टळली असती. पण चालता टीव्ही मुद्दाम बंद पाडायचा, हे त्या बोटांनी कधी केलेलं नव्हतं. धूळ लागली तेवढी पुसून मामा परत खुर्चीत येऊन बसले.

संध्याकाळी शेवटचा भाग लागला. थोरलीनं बॅग उचलली. धाकटी जिन्याच्या टोकाशी उभी. लाकडी पायऱ्यांचा आवाज, मग वाळूचा. मामी पुढे सरकल्या. पावलं थांबली.

थोरलीनं बॅग या हातातून त्या हातात घेतली. जड असावी. आणि तशीच, पाठमोरी, चालत गेली. फाटक वाजलं. नावं यायला लागली.

"एवढंच?" नात म्हणाली.

"कापलंय," मामी म्हणाल्या. "मेल्यांनी शेवट कापलाय. इथे ती वळते."

"कापलेलं वाटत नाही हो, आई."

"वाटायचा काय प्रश्न? ह्यांनी डोळ्यांनी बघितलंय. अहो, सांगा की हिला!"

तिघी मामांकडे बघू लागल्या. नुसतं "हो, कापलंय" म्हटलं असतं तर सुटले असते. मामी मागून ते वाक्य ढकलतच होत्या जणू.

"कापलेलं नाही," मामा म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांच्या टीव्हीत रेघ होती."

मामींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे बघितलं, आणि ताटं घ्यायला उठल्या.

मग चार दिवस मामींनी कुठल्याच मालिकेवर मत दिलं नाही. रोजच्या वेळेला बसत, संपलं की उठत. सून मुद्दाम म्हणाली, "आज सासू बरी रडली ना?" तर "असेल," एवढंच. भांडण झालं असतं तर मामांना चाललं असतं. जेवताना त्यांना स्वतःचा घास चावल्याचा आवाज येत होता, आणि इतक्या वर्षांच्या बडबडीत तो आपल्याला कधी ऐकूच आला नव्हता, असं त्यांच्या ध्यानात आलं.

रविवारी बहिणीचा फोन आला. बहिणीला कमी ऐकू येतं, म्हणून दोघी ओरडून बोलतात, आणि फोनवरचं सगळं बोलणं घरभर ऐकू जातं. मामा पलीकडच्या खोलीत चष्म्याची काडी आवळत बसले होते.

"अगं, ती वळलीच नव्हती," मामी सांगत होत्या. "ह्यांनी मनानं सांगितलं मला."

"कोण वळली नव्हती?"

"मालिकेतली. थोरली. म्हणून तर तुला पत्र टाकलं होतं मी."

"म्हणजे त्या मालिकेपायी आलं होतं ते पत्र? मला वाटलं माझी आठवण आली."

"आठवण होतीच गं. धीर नव्हता."

"मग आता काय? परत अबोला धरायचा का? तसं असेल तर आत्ता सांग, मी भाजी चुलीवर ठेवून आलेय."

मामी हसल्या. फोन ठेवून त्या पलीकडच्या खोलीत आल्या आणि मामांसमोरच्या स्टुलावर बसल्या.

"आणखी काय काय बनवलं होतंत?"

"काही नाही. तेवढंच. बाकीचं तू आता स्वतः बघितलंस की."

"तीळ?"

"तीळ आरशाचा. माझा नाही."

मामींनी ते मान्य केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरांकडे त्या दिवशी नक्की काय दिसत होतं तुम्हाला?"

"आडवी रेघ. आरशातही रेघच. मागून आवाज तेवढा येत होता. जिना, वाळू. पावलं थांबली तेव्हा माझाही हात थांबला."

"म्हणजे तुम्हीसुद्धा नुसते ऐकतच होतात?"

"दुसरं काय करणार?"

मामी त्यांच्या हातातल्या काडीकडे बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, सगळं गाव बघत होतं आणि मी एकटीच ऐकत होते." त्यांनी चष्मा मामांच्या हातातून घेतला, कारण काडी उलटी बसत होती. "मग थांबली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"वळली असेल, असंच वाटलं."

"तसं म्हणायचं होतं मग."

"तसं म्हटलं असतं, तर पत्र टाकलं असतंस?"

मामींनी विचार केला. त्या खोटं कशाला बोलतील? "नसतं टाकलं," म्हणाल्या, आणि काडी सरळ बसवून चष्मा त्यांना परत दिला. "पण एक सांगते. त्या मालिकावाल्यांना काही कळलं नाही. एवढे सव्वीस भाग आणि बाईला बॅग जड! सुनेला म्हणावं, साडेआठ फार झाले."